पिंजऱ्यात उभा राहणारा तज्ज्ञ घडतो कुठे?

१ जुलै २०२४ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि डिजिटल फॉरेन्सिक, म्हणजे फोन-संगणकातल्या पुराव्याची शास्त्रीय तपासणी, हा विषय थेट करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत जाऊन बसला. बारावीनंतर काय, या प्रश्नाला आता इंजिनिअरिंग आणि स्पर्धा परीक्षांच्या जोडीनं हेही उत्तर मिळतं. त्यावरून एक वादही रंगला आहे. एका बाजूचं म्हणणं, दारं सताड उघडी आहेत. सहा महिन्यांचा कोर्स करा, एखादं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र पदरात पाडून घ्या आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून उभे राहा. दुसरी बाजू नाक मुरडते: तज्ज्ञ म्हणायचं ते सरकारी प्रयोगशाळेतल्या माणसाला, बाकी सगळी दुकानदारी. प्रमाणपत्र मोठं की सरकारी शिक्का मोठा, यावर दोघंही घसा कोरडा करतात आणि दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, की तज्ज्ञ हा कुणीतरी कागदावर जाहीर करायचा असतो.

फौजदारी वकिली करणाऱ्या माणसाला हे गृहीतक फार काळ जवळ बाळगता येत नाही. न्यायालयात टिकणारा तज्ज्ञ उमेदवारीतून घडतो. जाणत्या माणसाच्या हाताखाली काही वर्षं खऱ्या मुद्देमालावर काम करायचं, चुका तिथल्या तिथे दाखवून घ्यायच्या आणि मग उलटतपासाला तोंड द्यायचं, याला आडवाट नाही. आपल्याकडे अभ्यासक्रम भरपूर आहेत, पदं थोडी आहेत आणि उमेदवारीची सोय जवळपास नाही. ती उभी करायला हवी. आणि तिच्यातून तयार झालेली माणसं फिर्यादी पक्षाइतकीच आरोपीच्या वकिलालाही मिळायला हवीत. हे दुसरं म्हणणं पुष्कळांना झोंबतं, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

कायदा नेमकं काय मागतो ते पाहू. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली संगणकातला किंवा कॅमेऱ्यातला पुरावा दाखल करायला त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाचं प्रमाणपत्र पुरे होतं. अर्थात ते मिळवतानाही नाकीनऊ येत. जालना विधानसभेची २०१४ची निवडणूक आठवा. फरक अवघा २९६ मतांचा, आणि वाद असा की विजयी उमेदवाराचे अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर घेतले गेले. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलंच व्हिडिओ चित्रण. कार्यालय सरकारी, चित्रण सरकारी, पण प्रमाणपत्र द्यायला कुणी पुढे येईना. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल असं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै २०२०मध्ये न्यायालयानं सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्यच आहे; मात्र पक्षकारानं हातात होतं ते सगळं करूनही ते मिळालं नसेल, तर तेवढ्यावरून त्याला अडवता येणार नाही.

जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४)नं त्यात आणखी एक सही वाढवली. प्रमाणपत्राचा भाग अ संबंधित व्यक्तीनं भरायचा आणि भाग ब तज्ज्ञानं. हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलीच्या आशयावरून गणितानं काढलेला तिचा ठसा, काय, ती कुठल्या अल्गोरिदमनं (गणिती पद्धतीनं) काढली, हे सगळं त्यात लिहायचं. पण हा तज्ज्ञ कोण, ते या कलमात सांगितलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९-अ कलमाखाली अधिसूचित झालेला परीक्षकच लागतो, की साक्ष अधिनियमाच्याच कलम ३९च्या अर्थानं विशेष ज्ञान असलेला कुणीही चालतो, यावर वकिलांत अजून दोन तट आहेत. त्यातच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) म्हणतं, की सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे. मागणी अशी एका रात्रीत वाढली. मग भाग ब भरायला माणसं तयार करून देतो म्हणणारे वर्ग निघाले, यात नवल काय?

कोर्सवाल्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. शास्त्राचा पाया लागतोच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांनी तो रचायला सुरुवात केली. गांधीनगरला २००९मध्ये सुरू झालेलं गुजरातचं न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२०च्या कायद्यानं राष्ट्रीय झालं आणि त्याची एक शाखा गोव्यात फोंड्याजवळ आली. दुसरं असं की साधनांच्या बाबतीत हे क्षेत्र आश्चर्य वाटावं इतकं लोकशाहीवादी आहे. ऑटॉप्सी आणि एफटीके इमेजर ही डिस्कची प्रत काढायची आणि तपासायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, सरावासाठी तयार केलेल्या डिस्कच्या हुबेहूब प्रती उतरवून घेता येतात. वाशीमच्या मुलीला घरच्या लॅपटॉपवर जितका सराव करता येतो, तितका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्वप्नातही करता येणार नाही. तिसरा मुद्दा सगळ्यात खरा: तंत्रज्ञान इतक्या वेगानं बदलतं की नव्या फोनबद्दल वीस वर्षं नोकरी झालेल्या शास्त्रज्ञापेक्षा बावीस वर्षांच्या पोराला जास्त कळतं, असं अनेकदा होतं.

पण त्याला जे कळतं ते फोनबद्दल. न्यायालयात विचारलं जातं ते निष्कर्षाबद्दल. एक साधा नमुना घ्या. भाग ब मध्ये तज्ज्ञानं एमडी५ या अल्गोरिदमसमोर खूण केली आहे. बचावाचा वकील विचारतो, एमडी५ हा २००४मध्येच मोडीत निघाला, हे खरं का? प्रश्न हवेतला नाही. त्या वर्षी चिनी संशोधकांनी दोन वेगळ्या मजकुरांची एकच हॅश काढून दाखवली होती, आणि २०१७मध्ये गुगल आणि ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था यांनी मिळून एसएचए-१ या दुसऱ्या अल्गोरिदमचंही तेच केलं. कोर्स करून आलेला तज्ज्ञ इथे एक तर ‘मला तसं माहीत नाही’ म्हणतो, नाही तर ‘हो’ म्हणून गप्प बसतो. दोन्हींत मुद्देमालात फेरफार झाल्याची शंका नोंदीवर येते. जाणत्याचं उत्तर वेगळं असतं. दोन्ही फाइली आपणच बनवायच्या असतील तर त्यांची हॅश जुळवून आणता येते, साहेब; पण दुसऱ्याची, आधीच तयार असलेली फाइल घेऊन, तिची हॅश कायम ठेवून आत हवा तो बदल करणं ही निराळी गोष्ट आहे आणि ती एमडी५बाबतही कुणी व्यवहारात करून दाखवलेली नाही. शिवाय मी सोबत एसएचए-२५६ या वेगळ्या अल्गोरिदमनंही हॅश काढली आहे, ती तपासून पाहा. एवढं उत्तर पाठ करून देता येत नाही. पुढचा प्रश्न कुठून येईल ते ठाऊक नसतं. आणि तालुक्याच्या न्यायालयात ते मराठीत द्यायचं असतं, साक्ष टंकलिखित करणाऱ्या लिपिकाला उतरवून घेता येईल अशा वेगानं.

खरं सांगायचं तर अर्धाकच्चा तज्ज्ञ बचावाच्या वकिलाला हवाच असतो. पण माझी धास्ती त्याच्या फजितीची नाही. बहुतेक खटल्यांत असा प्रश्न कुणी विचारतच नाही. आरोपीच्या वकिलाला हॅश म्हणजे काय ते माहीत नसतं, सरकारी वकिलाला माहीत करून घ्यायची गरज नसते आणि न्यायाधीशांसमोर त्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे कामकाजाच्या यादीत, आणखी चाळीस प्रकरणं असतात. मग अहवालातलं वाक्य जसंच्या तसं निकालपत्रात उतरतं. हिमाचल प्रदेशातल्या सफरचंदांच्या सरकारी खरेदीवरून निघालेल्या एका खटल्यात, १९९९ साली, सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञाचं काम स्पष्ट केलं होतं: त्यानं नुसता निष्कर्ष द्यायचा नाही, तो निष्कर्ष न्यायाधीशाला स्वतः तपासून पाहता येईल असे निकष द्यायचे. आपले किती डिजिटल अहवाल या कसोटीला उतरतील? सॉफ्टवेअरनं छापून दिलेली तीनशे पानं आणि शेवटी दोन ओळींचा अभिप्राय, हे निकष झाले का?

सीसीटीव्हीचंच घ्या, कारण आज पुष्कळ गुन्ह्यांचा तपास तिथून सुरू होतो. किराणा दुकानातल्या डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ कुणीही कधी लावलेलं नसतं. ते सतरा मिनिटं पुढे असू शकतं, वीज गेल्यावर मागे पडलेलं असू शकतं. जप्तीच्या वेळी पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी पंचनाम्यात लिहून घेणं हे दोन मिनिटांचं काम. ते राहिलं, की पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, आरोपी सव्वानऊला तिथे होता की नऊ वाजायच्या आत, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. फोनमधल्या संदेशांच्या नोंदी बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत साठवलेल्या असतात. भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास. एका साधनानं रूपांतर करून दाखवलं, दुसऱ्यानं नाही, आणि अहवाल लिहिणाऱ्यानं दोन्ही तक्ते एकाखाली एक चिकटवले, की रात्रीचा संदेश संध्याकाळचा होतो. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात असतं. तरी हात ते विसरतो, आणि शेजारी बसलेला जुना माणूस ‘वेळ कुठली लिहिलीस?’ असं विचारतो तेव्हाच ते अंगवळणी पडतं.

साधनावर आंधळा विश्वास काय करतो, ते फ्लोरिडात, स्वतःच्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या केसी अँथनीच्या खटल्यात २०११मध्ये दिसलं. घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मची माहिती देणारं पान ८४ वेळा उघडलं गेलं, असं ज्युरीला सांगण्यात आलं. सांगणारा ऐरागैरा नव्हता. ते विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर त्यानं स्वतः लिहिलं होतं. पण त्याच इतिहासाच्या फाइलीचा दुसऱ्या सॉफ्टवेअरनं आधी काढलेला अहवाल त्या पानाला फक्त एक भेट दाखवत होता. साक्ष झाल्यावर त्यानं आपला प्रोग्रॅम पुन्हा तपासला आणि चूक सापडली: ८४ भेटी मायस्पेस या समाजमाध्यमाच्या होत्या. त्यानं ते सरकारी पक्षाला कळवलं, याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. पण दोन साधनांचे आकडे जुळत नाहीत हे टेबलावर दिसत असताना ‘थांबा, हे का?’ असं वेळीच म्हणणारं सरकारी पक्षात कुणी नव्हतं.

सरकारी शिक्क्याचा आग्रह धरणाऱ्यांचा मुद्दा याहून वजनदार आहे. ते म्हणतात, पैसे देणाऱ्याच्या बाजूनं बोलणारा तज्ज्ञ हा तज्ज्ञच नव्हे. पगारी शास्त्रज्ञाला खटला जिंकण्या-हरण्यात काही मिळत नाही. हे खोटं नाही. ब्रिटननं आपली सरकारी फॉरेन्सिक सेवा २०१२मध्ये बंद केली आणि काम खासगी प्रयोगशाळांकडे गेलं. २०१७मध्ये मँचेस्टरच्या एका खासगी प्रयोगशाळेत गुणवत्ता चाचण्यांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं उघडकीला आलं आणि दहा हजारांहून अधिक प्रकरणं पुन्हा तपासावी लागली. सगळं बाजारावर सोडा म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण शिक्का तरी किती राखण करतो? डेन्मार्कमध्ये २०१९मध्ये पोलिसांकडच्याच यंत्रणेत मोबाइल कंपन्यांच्या कच्च्या नोंदींचं रूपांतर चुकत असल्याचं लक्षात आलं. फोन कुठल्या टॉवरजवळ होता, हेच त्यामुळे गडबडत होतं. तिथल्या सरकारनं २०१२पासूनचे सुमारे १०,७०० निकाल पुन्हा तपासायला घेतले आणि दोन महिने हा पुरावा वापरणंच थांबवलं. खासगी असो की सरकारी, आकडा पुन्हा दहा हजारांच्या घरातलाच. चूक पकडली जाते ती बाहेरच्या माणसाला यंत्र उघडून पाहायची मुभा असते तेव्हा.

आपल्याकडे ही मुभा कायद्यानंच आखडती आहे. सरकारी शास्त्रज्ञाचा अहवाल त्याला न बोलावता पुराव्यात वाचता यावा, ही तरतूद ब्रिटिश काळापासून चालत आली. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३मध्ये, आता नव्या संहितेच्या ३२९मध्ये. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचंही नाव त्या यादीत आहे. रक्तगट आणि विषाच्या अहवालांसाठी ही सोय होती आणि ती वाजवी होती. नाही तर प्रत्येक शास्त्रज्ञ आयुष्यभर एसटी स्टँडवर दिसला असता. पण मोबाइलमधल्या संदेशाचा अर्थ लावणं म्हणजे विष ओळखणं नाही. तिथे यंत्राच्या उत्तरात माणसाचा अंदाज मिसळलेला असतो, आणि अंदाज उलटतपासाशिवाय पारखला जात नाही. न्यायालयाला तज्ज्ञाला बोलावता येतं, हे खरं. किती वेळा बोलावतात?

आत बसलेल्या माणसाचं भलतंच वजन पडलं की काय होतं, त्याचा सगळ्यात कडू धडा ब्रिटिश पोस्टाच्या होरायझन प्रकरणात आहे. १९९९पासून पुढे सोळा वर्षं होरायझन या हिशेबाच्या संगणक यंत्रणेत तूट दिसते म्हणून टपाल कार्यालयं चालवणाऱ्या नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर आणि खोट्या हिशेबासाठी दोषी ठरवलं गेलं. संगणक बरोबर चालतोय असं वकिलांनी आणि न्यायालयांनी धरून चालण्याला तिथल्या कायद्यानं तेव्हाच मोकळीक दिली होती. १९८४च्या कायद्यातली, संगणकाचा पुरावा आणणाऱ्यानं यंत्र ठीक असल्याचं दाखवण्याची अट त्याच सुमाराला काढून टाकली गेली. ही यंत्रणा पुरवणाऱ्या फुजित्सू कंपनीच्या एका ज्येष्ठ अभियंत्यानं यंत्रणेच्या बाजूनं जबान्या दिल्या. त्याला ती यंत्रणा आतून-बाहेरून ठाऊक होती. तिच्यातले दोषही ठाऊक होते आणि ते त्यानं न्यायालयाला सांगितले नाहीत, असं पोस्टाच्याच वकिलानं २०१३मध्ये लिहून ठेवलं. २०२४मध्ये चौकशीसमोर त्याचं म्हणणं असं पडलं, की तज्ज्ञ साक्षीदाराची कर्तव्यं काय असतात ते मला कुणी नीट समजावून दिलंच नव्हतं. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं इतकंच की तंत्राचं पूर्ण ज्ञान असूनही साक्षीदार म्हणून माणूस कोरा असू शकतो. ज्यानं नेमलं त्याच्याविरुद्ध जाणारी गोष्टही न विचारता सांगायची, ही सवय कुठल्या सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणात लागते?

आणि आरोपीचं काय? भीमा कोरेगाव प्रकरणात बचाव पक्षानं एका आरोपीच्या लॅपटॉपची डिजिटल प्रत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडे तपासायला दिली. फाइली मालवेअरमधून घुसवल्या गेल्या, असा अहवाल २०२१मध्ये आला. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं तो मान्य केला नाही. कोण बरोबर ते न्यायालय ठरवील, इथे त्यावर मत द्यायचं कारण नाही. पण पुण्यात नोंदलेल्या गुन्ह्यातला लॅपटॉप पाहायला अटलांटिकपार का जावं लागावं? संगणक शिकलेली सगळ्यात जास्त माणसं असलेल्या शहरांत पुण्याचं नाव येतं, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय तिथे आहे. ज्याला एवढा लांबचा हात मारता येतो त्याचं निभावतं. साताऱ्यातल्या सत्र न्यायालयात फोनच्या पुराव्यावर जन्मठेपेच्या दारात उभ्या असलेल्या शेतमजुरानं कुणाकडे जायचं?

इथे मला हमखास ऐकवलं जातं: दोन्ही बाजूंना तज्ज्ञ दिले की हस्ताक्षर तज्ज्ञांचं झालं तसंच होईल. हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. जिल्हा न्यायालयांच्या आवारात हस्ताक्षर तज्ज्ञांच्या पाट्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत; एकाच सहीवर एक म्हणतो खरी, दुसरा म्हणतो बनावट, आणि दोघांकडे प्रमाणपत्रं. अशी साक्ष फार सावधपणे घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७मध्ये म्हटलं, त्यामागे हाच अनुभव होता. पण ती विद्या घसरली कशामुळे? दोन बाजूंना माणसं मिळाली म्हणून, की त्या माणसांना घडवणारी आणि पारखणारी जागाच नव्हती म्हणून? फ्रान्समधलं द्रेफ्यूस प्रकरण पाहा. १८९४मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवताना ज्याच्या मतावर भिस्त ठेवली गेली, तो अल्फोन्स बेर्तियाँ शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्याच्या पद्धतीचा जनक होता, जगभर नावाजलेला, आणि पदानं पक्का सरकारी. हस्ताक्षर हा त्याचा विषयच नव्हता. अक्षर जुळत नव्हतं, तर त्यानं सिद्धान्त काढला की आरोपीनं स्वतःच्याच अक्षराची मुद्दाम नक्कल केली. पॉइन्कारेसारख्या गणितज्ञांनी त्याचे आकडे निकालात काढले १९०४मध्ये. द्रेफ्यूस निर्दोष ठरला १९०६मध्ये. त्या खटल्यात अभाव होता तो समोर बसून आकडे तपासणाऱ्याचा.

याच सुमाराला आपल्याकडे एक विद्या चांगल्या रीतीनं उभी राहिली होती, याची आठवण फार कमी लोक काढतात. १८९७मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा जगातला पहिला विभाग सुरू झाला. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी रोज हाताखालून जाणाऱ्या ठशांवरून वर्गीकरणाचं गणित बसवलं. नाव साहेबाचं लागलं, ते असो. पुढच्याच वर्षी जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात त्याच्या जुन्या नोकराच्या अंगठ्याचा ठसा सापडला. न्यायालयानं त्याला चोरीसाठी दोषी ठरवलं आणि खुनाच्या आरोपातून सोडलं. ठसा सांगत होता की हा माणूस तिथे होता, वस्तूला त्याचा हात लागला होता. मारलं त्यानंच, हे ठसा सांगत नव्हता. डिजिटल तज्ज्ञाला शिकवायचं ते नेमकं हेच: या खात्यावरून, या फोनमधून, अमुक वेळी संदेश गेला, इथपर्यंत माझं बोट. फोन कुणाच्या हातात होता, ते मला माहीत नाही. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य भर न्यायालयात न बिचकता म्हणायला किती वर्षं लागतात, ते पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा.

तेव्हा मागणी अशी. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या सायबर विभागांनी दर वर्षी विद्यावेतनावर उमेदवार घ्यावेत, किमान दोन-तीन वर्षांसाठी. त्यातल्या काही महिन्यांत त्यांनी सत्र न्यायालयात बसावं, आधी सरकारी वकिलाबरोबर आणि नंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकिलाबरोबर, म्हणजे एकच पुरावा दोन्हीकडून कसा दिसतो ते कळेल. बोटांच्या ठशांच्या विभागांत काम करणाऱ्यांसाठी अखिल भारतीय मंडळाची परीक्षा असते. त्याच धर्तीवर काम करता करता द्यायची परीक्षा इथेही हवी. अधूनमधून प्रयोगशाळेत न सांगता एक बनावट मुद्देमाल पाठवावा, ज्याच्यातलं सगळं आधीच ठाऊक आहे, आणि उत्तर किती जुळलं ते जाहीर करावं. प्रत्येक तज्ज्ञाची खटलेनिहाय वही असावी. मत कुठे नाकारलं गेलं तेही तिच्यात यावं आणि मागितली तर ती दोन्ही पक्षांना मिळावी. आणि उमेदवारी संपवलेल्यांचं एक पॅनेल विधी सेवा प्राधिकरणांना जोडावं, ज्याची फी सरकार देईल आणि काम आरोपीचा वकील सांगेल.

सरकार आरोपीच्या तज्ज्ञाचा पैसा का भरेल, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की गरीब आरोपीच्या वकिलाचा पैसा ते आधीपासून भरतंच आहे. ज्याला मुख्य पुरावा वाचता येत नाही असा वकील पुरवून ते पैसे तसेही वायाच जातात.

वेळ नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. प्रयोगशाळांत मुद्देमालाची पाकिटं साठली आहेत, लाखेची सीलं तडकू लागली आहेत, जामिनावर नसलेला आरोपी अहवालाची वाट पाहत आत बसला आहे. अशात तीन वर्षांच्या उमेदवारीची चैन कशाला? पण उमेदवार रिकामा बसत नाही. प्रती काढणं, हॅश जुळवणं, नोंदी लिहिणं, यांत प्रयोगशाळेचा बराच वेळ जातो आणि हेच काम पहिल्या दिवसापासून देखरेखीखाली त्याच्याकडे देता येतं. अभिप्रायावर सही तेवढी नको. शिवाय कलम १७६(३)साठी कायद्यानं राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली, ती इमारती आणि व्हॅन घ्यायला दिली असं समजायचं कारण काय? सीएला आर्टिकलशिप चुकत नाही, डॉक्टरला इंटर्नशिप चुकत नाही. आमच्या वकिलीत सनद हातात पडली की दुसऱ्या दिवशी काळा कोट चढतो, आणि त्याची फळं कुठल्याही तालुक्याच्या न्यायालयात जाऊन पाहावीत.

उरला तो अडवणुकीचा आक्षेप, की उमेदवारीच्या नावाखाली ओळखीपाळखीच्यांचीच भरती होईल आणि खेड्यातली मुलं बाहेर राहतील. ही भीती रास्त आहे. आपल्याकडे कुठल्याही दालनाबाहेर ती रास्तच असते. पण आजची व्यवस्था त्या मुलांना काय देते? परदेशी संस्थांच्या प्रमाणपत्रांची फी कधी लाखाच्या पुढे जाते. ती भरून हातात कागद येतो, आणि पहिल्या मुलाखतीत प्रश्न येतो, अनुभव किती? बड्या लेखापरीक्षण कंपन्यांच्या फॉरेन्सिक विभागांत नोकरी मिळाली तर तंत्र उत्तम शिकायला मिळतं, पण तिथले बहुतेक अहवाल न्यायालयाचं तोंड पाहत नाहीत. कर्मचारी राजीनामा देतो, प्रकरण आत मिटतं. सरकारी प्रयोगशाळेत न्यायालय वाट्याला येतं, पण नव्या साधनांचा परवाना मिळेपर्यंत फोन जुना होतो. दोन्हीकडचा अर्धा अर्धा अनुभव एका माणसात जमा होईल अशी जागा विद्यावेतनासह असली, तर तिचा सगळ्यात जास्त फायदा बापाच्या खिशात लाख रुपये नसलेल्यालाच होईल. निवड लेखी परीक्षेनं आणि प्रत्यक्ष डिस्क तपासायला देऊन करता येते. आडनाव झाकायचं तर तेही झाकता येतं.

तोवर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी फी भरण्याआधी शिकवणाऱ्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: तुमचा उलटतपास किती वेळा झाला, आणि तुमचं मत न्यायालयानं कधी फेटाळलं का? पहिल्याचं उत्तर शून्य असेल, तर तिथे सॉफ्टवेअर तेवढं शिकायला मिळेल. दुसऱ्याला ‘कधीच नाही’ असं उत्तर आलं, तर पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. फौजदारी खटले, काही नाजूक प्रकरणं सोडली तर, खुल्या न्यायालयात चालतात. बोर्ड पाहून, तज्ज्ञाची साक्ष असलेल्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्याला फीही पडत नाही.